घडवलेल्या वस्तू बघायला निघण्याआधी: ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातली आम्ही काही मंडळी सुट्टीच्या दिवशी मिळून संग्रहालयं बघायला जातो. चित्रं आणि मूर्ती बघतोच, पण आमचा मुक्काम जास्त पडतो तो भांडी, दिवे, वस्त्रं, पेट्या, खुर्च्या आणि अक्षरं यांच्यापाशी. नवीन कुणी सोबत यायचं ठरवलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, कधी फोनवर, कधी गाडीत उभ्याउभ्या. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सजावटी कला म्हणजे शोभेच्या वस्तू का?

नाही. घोटाळा ‘सजावट’ या शब्दामुळे होतो. सजावट म्हटलं की आपल्याला गणपतीची आरास आठवते, नाहीतर लग्नाचा हॉल. इथे अर्थ वेगळा आहे. एखादी वस्तू कशासाठी तरी लागते म्हणून घडवली आणि घडवताना ती देखणीही केली, तर ती या कलेत येते. लामणदिवा उजेडासाठी असतो, त्याच्या साखळीवर हत्ती-मोर असतात. अडकित्ता सुपारी कातरायला असतो, त्याचा पोपट होतो किंवा घोडा होतो. पाय घासायची वज्रीसुद्धा यात येते. काही जण ‘उपयोजित कला’ म्हणतात, पण आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत त्या नावाने जाहिरात आणि मांडणीचं शिक्षण मिळतं, म्हणून मी तो शब्द टाळते. मला ‘घडवलेल्या वस्तू’ एवढंच पुरेसं वाटतं.

ठाण्याहून जवळ काय आहे?

सुरुवात भायखळ्यापासून करा. सीएसएमटीची लोकल पकडायची, भायखळ्याला पूर्वेला उतरायचं आणि चालत राणीच्या बागेत जायचं. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे उभं करण्यात भाऊ दाजींच्या बरोबरीने खपले ते नाना शंकरशेट. ठाणेकरांना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असतं: १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत नाना होते. ज्या मार्गाने आपण भायखळ्याला जातो तोही त्यांनी बघितलेला, आणि जिथे जातो तेही त्यांनी उभारलेलं. मला दर वेळी गाडीत हे आठवतं.

या संग्रहालयाची सुरुवात मात्र फरफटीत झाली. आधी हा संग्रह फोर्टमधल्या जुन्या बराकीत होता. १८५७च्या उठावात सैन्याला जागा हवी झाली आणि वस्तू बाहेर काढल्या गेल्या. जॉर्ज बर्डवुड या ब्रिटिश डॉक्टरांनी त्यातल्या वाचल्या तेवढ्या सांभाळल्या. नंतर लोकवर्गणी जमली आणि आजची इमारत उभी राहिली. ती इमारतच पहिली प्रदर्शनवस्तू आहे. आत शिरलात की पेट्यांकडे धावू नका. आधी पायाखालच्या मिंटन या इंग्रज कंपनीच्या नक्षीदार फरशा बघा, मग ओतीव लोखंडाचे खांब, मग मान वर करून छताची सोनेरी नक्षी. २००८ साली मोठ्या जीर्णोद्धारानंतर ती पुन्हा उजळली.

दुसरं ठिकाण काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. इमारत जॉर्ज विटेट यांची. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह इथे आले, त्यामुळे चिनी-जपानी पोर्सेलिन आणि जेडच्या वस्तू मन भरेपर्यंत बघता येतात.

पुण्याला जाणं झालं तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, फण्या, भांडी जमवली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. आजीच्या माजघरातल्या वस्तूंना इतक्या प्रेमाने जागा दिलेलं दुसरं ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

नवी मुंबईहून कसं यायचं?

काळा घोड्यासाठी हार्बरने थेट सीएसएमटी. भायखळ्यासाठी कुर्ल्याला गाडी बदलायची.

वेळ, तिकीट, सुट्टी?

भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. हे लक्षात न ठेवल्यामुळे बंद फाटकापाशी पोचलेली माणसं दर वर्षी भेटतात. दर आणि वेळा बदलतात, एखादं दालन डागडुजीसाठी बंदही असतं, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

एका दिवसात मुंबईतली दोन्ही होतील का?

चालून होतील, बघून होणार नाहीत. आम्ही दोन तासांत सात वस्तू बघतो. सुरुवातीला लोकांना हे फार कमी वाटतं. तिसऱ्या वस्तूपाशी घड्याळात बघणं थांबतं.

एका वस्तूसमोर इतका वेळ उभं राहून बघायचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

भांड्यापासून सुरुवात करा. तोंड, गळा, पोट, बूड या क्रमाने नजर खाली आणा. साधा लोटा घ्या. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझाइनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि त्यांनी जो अहवाल दिला त्यात सर्वाधिक कौतुक केलं ते लोट्याचं. पाणी किती मावावं, कोणाच्या हाताने उचलायचा, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, पाणी ओतताना धार कशी पडते, असे कितीतरी प्रश्न त्यांनी एका लोट्याला विचारले. या सगळ्याची उत्तरं कुणा एकाने कागदावर काढली नव्हती. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी ती शोधली. त्या अहवालाचा हात धरूनच पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या लोट्यामागे एवढं काही आहे.

मग झीज शोधा. पळीचा एक काठ दुसऱ्यापेक्षा पातळ असेल तर ती कायम एकाच हातात होती आणि भांड्याच्या तळाशी एकाच बाजूने घासली जात होती. अडकित्त्याची मूठ एका जागी गुळगुळीत असते, तिथे अंगठा टेकत होता. देव्हाऱ्यातल्या घंटेवरचा गरुड नाकाडोळ्यांनी पुसट झालेला असतो, कारण रोज तो चिमटीत धरला गेला. घडवणाऱ्याने दिलेला आकार आणि वापरणाऱ्याने दिलेला आकार असे दोन आकार एकाच वस्तूत असतात. दुसरा बघायला शिकलात की काचेपलीकडे माणूस दिसू लागतो.

तिसरं म्हणजे ती वस्तू कशी केली असेल याचा अंदाज बांधा. मुंबईत पूर्वी सादेली कामाच्या पेट्या होत असत. झाकणावर इतकी बारीक चांदण्यांची नक्षी की प्रत्येक ठिपका वेगळा बसवला असेल असं वाटावं. तसं नव्हतं. कथिल, हस्तिदंत, शिसवी लाकूड यांच्या लांब बारीक काड्या करायच्या, त्या ठरलेल्या रचनेत एकत्र चिकटवून जुडी बांधायची, आणि मग अळूवडीचा उंडा कापावा तशा त्या जुडीच्या पातळ चकत्या काढायच्या. उंड्याच्या प्रत्येक चकतीत तोच भोवरा दिसतो ना, तशी प्रत्येक चकतीत तीच चांदणी! त्या चकत्या लाकडी पेटीवर शेजारी-शेजारी डकवायच्या. हे ऐकल्यावर एका काकू पेटीपाशी परत गेल्या आणि दोन चांदण्यांमधला सांधा शोधत वाकून उभ्या राहिल्या. त्यांना सापडला.

बिदरी कामाचंही तसंच. जस्तात थोडं तांबं मिसळून हुक्क्याचं भांडं किंवा पानदान ओतायचं, त्यावर नक्षी कोरायची, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तो लेप गरम भांड्यावर चोळायचा. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच पांढरी राहते. रंग कुठे लावलेलाच नाही. काळेपणा धातूतूनच वर आलेला आहे.

दालनात इतका अंधार का ठेवतात? आई-बाबांना लेबल वाचता येत नाही.

तक्रार खरी आहे, पण कारणही तेवढंच खरं आहे. वस्त्रं आणि कागद यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवण्याची पद्धत आहे. भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान दिवसागणिक साठत जातं. आज थोडं, उद्या थोडं. म्हणून वस्त्रं काही महिने मांडून पुन्हा पेटीत विश्रांतीला ठेवतात. मागच्या वेळी बघितलेलं पातळ या वेळी दिसलं नाही, तर ते याच कारणाने. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. ज्येष्ठांसाठी वाचायचा चष्मा विसरू नका. लेबलाचा फोटो काढून तो मोबाइलवर मोठा करून वाचणं हा उपायही चांगला आहे.

फोटो?

बऱ्याच ठिकाणी मोबाइलने काढू देतात, फ्लॅश नाही. बाहेरून आणलेल्या प्रदर्शनांत नियम कडक असू शकतात. फलक बघा, नाहीतर रक्षकाला विचारा.

हात लावता येत नाही, मग वजन-पोत कसा कळणार?

त्यासाठी आम्ही जाण्याच्या आदल्या आठवड्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात एक चक्कर मारतो. तांब्याची घागर उचलून बघा. तिच्या अंगावर हातोडीच्या गोल ठिपक्यांच्या ओळी असतील तर ते मठारकाम. पुण्याच्या तांबट आळीत हे काम अजून हाताने होतं. ठिपके शोभेसाठी आहेत असं वाटतं, पण ठोकल्याने पत्रा कणखर होतो आणि पोचा पडायचा धोका कमी होतो. बोट फिरवा: हाताने ठोकलेले ठिपके अगदी एकसारखे नसतात, ओळ कुठेतरी किंचित वळते. साच्यात दाबलेल्या भांड्यावर ती वळत नाही. बोटांना हे एकदा कळलं की काचेमागच्या घागरीवर ते डोळ्यांना दिसतं. दुकानदाराला आधी सांगा की नुसतं बघायला आलोय; आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

लेबलांवर राजाचं, देणगीदाराचं नाव असतं. कारागिराचं का नसतं?

बहुतेक वेळा ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. वस्तू विकत घेणाऱ्याची नोंद झाली, करणाऱ्याची नाही. याचं मला मनापासून दुःख होतं. गोधडीचं तर आणखी वाईट. घरोघरच्या बायकांनी जुन्या लुगड्यांचे थर लावून, धावदोरा घालत, रंगांचा तोल सांभाळत गोधड्या शिवल्या, आणि त्या फाटेपर्यंत वापरल्या गेल्या. नाव राहिलं नाही, गोधडीही राहिली नाही.

अपवाद आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांचं काम करणारे चितारी अजून आहेत. लाखकामाच्या या गोल पत्त्यांचा दशावतारी डाव १२० पानांचा असतो, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला विझता विझता सावरली. प्रदर्शनात एखाद्या वस्तूखाली कारागिराचं नाव दिसलं तर मी ते वहीत लिहून घेते. तुम्हीही घ्या.

वारली चित्रं यात धरायची का? ती तर आपल्याच जिल्ह्यातली.

आता बराचसा वारली मुलूख पालघर जिल्ह्यात आहे, १ ऑगस्ट २०१४ला तो ठाण्यातून वेगळा झाला. तरी नातं जुनंच. मुळात वारली चौक हे ‘चित्र’ म्हणून काढलंच जात नव्हतं. लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून मऊ केलेल्या टोकाने चौक लिहीत, मध्ये पालघट देवी. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे ते विधीसाठी ‘घडवलेलं’ होतं, म्हणून मी त्याला या कलेत धरते. कागदावर ते जगभर नेलं जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या चित्रांतली नाचणाऱ्या माणसांची साखळी पडद्यांवर, कपांवर, इमारतींच्या कुंपणभिंतींवर दिसते. संग्रहालयात बघताना एक प्रश्न विचारून बघा: यात तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवतीची रांग कुठून सुरू होते? नक्कल करणारे बहुधा बंद वर्तुळ काढतात. मूळ चित्रांत ती रांग उलगडत, वळत जाते, तिला टोक असतं.

डिझाइनचं प्रदर्शन म्हणजे वेगळं काय? तिथे जुनं काहीच नसतं म्हणे.

नसलं तरी धागा तोच. जुन्या दालनात घडवणाऱ्याचं नाव नसतं, इथे असतं. तिथे हात असतो, इथे बऱ्याचदा यंत्र. पण कुणाच्या उपयोगाला, कशा हाताने, हे प्रश्न तेच. आपल्या अगदी जवळ, पवईला, आयआयटीत १९६९पासून औद्योगिक डिझाइनचं केंद्र आहे. ₹ हे चिन्ह ज्यांनी केलं ते डी. उदय कुमार तिथलेच विद्यार्थी. २०१० साली ते स्वीकारलं गेलं. संगणकावर ज्या ‘मंगल’ नावाच्या फाँटच्या अक्षरांत आपण वर्षानुवर्षं मराठी वाचलं ती र. कृ. जोशी यांची, तेही तिथे शिकवत. आणि ठाणेकराला अक्षरांचं प्रदर्शन बघायला तिकीटही लागत नसे. गडकरी रंगायतनला नाटक बघायला जाण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात बघितली असेल तर कमल शेडगे यांचं अक्षरलेखन तुम्ही बघितलंय. नाटकाचं नाव वाचता वाचता नाटकाचा स्वभाव कळायचा.

काही वेळा जुनं आणि नवं एकत्र मांडतात. भायखळ्याच्या संग्रहालयाने सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशा आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाला उत्तर द्यायला सांगितलं होतं. अशी प्रदर्शनं आमच्यातल्या निम्म्यांना आवडतात, निम्म्यांना अजिबात नाही. मी आवडणाऱ्यांत आहे. जुनी पेटी नव्या वस्तूशेजारी ठेवली की तिच्याकडे पुन्हा बघावंसं वाटतं.

मुलं कंटाळतील का?

फिरवत राहिलात तर नक्की. एकेकाला कागद-पेन्सिल द्या (पेन नको, दालनात शाई चालत नाही) आणि एकच वस्तू काढायला सांगा. भायखळ्याला मातीच्या छोट्या माणसांच्या प्रतिमा आहेत, निरनिराळ्या पेशांच्या. मुलं तिथे आपणहून थांबतात.

घरी आजीची जुनी पितळी भांडी आहेत. चकचकीत करून ठेवावी का?

कृपा करून हे वाचा आणि मग ठरवा. माझ्या आजीचा कुंकवाचा करंडा होता, झाकणावर बारीक वेलबुट्टी. ती गेल्यावर मी प्रत्येक दिवाळीला चिंच-मीठ लावून काथ्याने तो घासला, प्रेमाने घासला. सहा-सात वर्षांनी बघते तर वेल सपाट झालेली, आणि कडेला पितळ पिवळं न राहता गुलाबीसर दिसू लागलेलं. आंबटाने पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबं वर दिसतं, हे मला नंतर कळलं. गेलेली वेल परत आली नाही. रोजच्या वापराचं तांब्या-भांडं खुशाल घासा. जुनी कोरीव वस्तू मात्र मऊ कोरड्या कपड्याने पुसा, दमट हवेपासून लांब ठेवा, एवढंच.

आणि पैठणी?

हँगरला टांगू नका, जरीच्या वजनाने पोत ताणला जातो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी उघडून घड्या बदला, नाहीतर घडीवरच रेशीम तुटतं. डांबरगोळी जरीला चिकटून ठेवू नका. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवतात, तीसुद्धा कापडाला न टेकवता. संग्रहालयात पैठणी बघताना पदराकडे लक्ष द्या. हाताने विणलेल्या पदरावरचा मोर उलट-सुलट दोन्हीकडून सारखाच दिसतो, मागे दोऱ्यांचं जंजाळ नसतं. काचेत एकच बाजू दिसते, म्हणून हे घरच्या पैठणीवर आधी बघून या.

आमच्या वस्तूची किंमत संग्रहालय सांगेल का? विकता येईल का?

संग्रहालयं सहसा किंमत सांगत नाहीत. कायद्याचं बघायचं तर १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते, हस्तलिखितासाठी ही मुदत ७५ वर्षं आहे. खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर बंदच आहे. परदेशातल्या नातलगाला भेट पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

संग्रहालयाला द्यायची असेल तर?

पत्र लिहा, फोटो जोडा, वाट बघा. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याकडे तशा दहा असू शकतात, किंवा ठेवायला जागा नसते. पण वस्तूपेक्षा जी गोष्ट त्यांच्याकडे नसते ती तुमच्याकडे असते: ती कुणाची होती, कुठल्या गावी घेतली, तिच्यात काय ठेवत. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून हे आजच लिहून काढा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते. आणि ती वस्तूला चिकटवू नका. डिंकाचा डाग जात नाही. शेजारी घडी करून ठेवा.